निबंधाखालचा शिक्का

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गाला मी ‘अठराव्या शतकातील वतनाचे तंटे’ या विषयावर निबंध लिहायला सांगितले होते. आलेल्या निबंधांत एक फारच नेटका होता. इंग्रजी निर्दोष, मांडणी रेखीव, प्रत्येक परिच्छेदाचा शेवट पुढच्या परिच्छेदाला हात देणारा. पाटीलकीच्या एका वादाचा आधार म्हणून त्यात राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधल्या एका पत्राचा उल्लेख होता, खंड आणि लेखांकासह. ते पत्र माझ्या वाचनात आले नव्हते, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन खंड काढला. त्या लेखांकाचे पत्र होते, पण त्यात ना पाटीलकी होती ना तंटा. एका मोहिमेच्या खर्चाची ती बाब होती. शेजारचे लेखांक पाहिले, इतर खंडांच्या सूची चाळल्या. असे पत्र कुठेच नव्हते.

विद्यार्थिनीला बोलावले. तिने काही लपवले नाही. मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला तिने विषय सांगितला होता, आपले चार मुद्दे मराठीतून दिले होते आणि इंग्रजी निबंध लिहून घेतला होता. पुढे संशोधन करायचे तर इंग्रजीत लिहिता आले पाहिजे, हे तिला ज्याने त्याने सांगितलेले. तिचे सगळे शिक्षण मराठीत झालेले. ती म्हणाली, “सर, इंग्रजी माझं नाही, पण मुद्दे माझेच आहेत.” मी पत्राबद्दल विचारले. ती गप्प झाली. मग म्हणाली, “ते मी बघितलंच नाही. असेलच असं वाटलं.”

तिला रागावणे सोपे होते. पण तिच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. निबंध कोणाचा असतो? ज्याने शब्द जुळवले त्याचा, की ज्याचा मुद्दा त्याचा? इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी उत्तर शोधायला मागे गेलो.

‘निबंध’ हा शब्द आपण इंग्रजी ‘एसे’ला वापरतो, पण तो त्याहून कितीतरी जुना. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे संकलन. स्मृती, पुराणे, सूत्रे यांतली वचने विषयवार एकत्र बांधून केलेला ग्रंथ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ किंवा १६१२ सालचा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हे असे निबंधग्रंथ. म्हणजे दुसऱ्यांची वचने गोळा करून आपला ग्रंथ उभारण्यात आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. पण वचन कुठले, हे निबंधकार सांगत असे. दोन वचनांत विरोध आला तर कोणते कुठे लागू करायचे याचा निर्णय देत असे, आणि त्या निर्णयाला त्याचे नाव चिकटत असे. पुढचा पंडित ते नाव घेऊनच त्याचे खंडन करी.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाने नवा अर्थ धारण केला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली साधारण चौदा वर्षांची मुलगी. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद आमचे नाहीत असे तुम्हीच म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. इमारतींच्या पायात माणसे पुरली जात, बाळंतिणीला डोक्यावर छप्पर नसे, हे तिने लिहिले. एका अर्थाने तो शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध होता. पण त्यातली माहिती कुठल्या क्रमिक पुस्तकात नव्हती आणि असण्याची शक्यताही नव्हती. जे आजवर लिहिलेच गेले नव्हते, ते तिने लिहिले.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात महादेव गोविंद रानडे शिकत होते. त्यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदवला आहे. एका निबंधात रानड्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. हेच रानडे १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक झाले. सोबत भांडारकर, वागळे आणि मोडक.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. ते सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांची रत्नागिरीला बदली झाली, पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. निबंधमालेतली फुल्यांवरची टीका आज वाचताना खटकते, कित्येक ठिकाणी ती केवळ टवाळी आहे. पण तिचा जाब कोणाला विचारायचा, हे आजही आपल्याला ठाऊक आहे.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला जो उपदेश सुरू झाला होता, त्याला दिलेले ते उत्तर होते. ताराबाई कोणत्याही विद्यापीठात गेल्या नव्हत्या. त्या निबंधाबद्दल त्यांच्यावर टीकेचा एवढा मारा झाला की फुल्यांना १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.

या चौघांचे विचार एकमेकांशी जुळत नाहीत. काही तर एकमेकांचे विरोधकच. पण प्रत्येकाने लिहिताना काहीतरी पणाला लावले होते. लिहिलेले वाक्य उद्या आपल्यासमोर उभे राहील आणि त्याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागेल, हे त्यांना माहीत होते.

मग हा निबंध परीक्षेच्या मांडवात आला. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा स्वतःचा अध्यापन विभाग सुरू केला तो १९१९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ६२ वर्षांनी. ज्या संस्थेला विद्यार्थ्याचे तोंडही दिसत नाही, तिच्याकडे त्याला ओळखण्याचा मार्ग एकच होता, त्याची उत्तरपत्रिका. आणि ती परक्या भाषेत लिहिलेली. परक्या भाषेत विचार करणे कठीण, पाठ करणे त्या मानाने सोपे. घोकंपट्टीला आपण विद्यार्थ्यांचा आळस म्हणत आलो, पण तिची मुळे या रचनेत आहेत.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने हेच दुखणे सांगितले होते. परीक्षा शिक्षणासाठी असायच्या ऐवजी शिक्षणच परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. १९०४ चा विद्यापीठ कायदा त्यातून आला. त्याने विद्यापीठांवरचा सरकारी ताबा वाढला. दुखणे मात्र होते तिथेच राहिले. पुढच्या शंभर वर्षांत गाइडे आली, अपेक्षित प्रश्नसंच आले, झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंग केलेल्या नोट्स आल्या, मग इंटरनेटवरून उचलणे आले. प्रत्येक वेळी आपण नवी चाळणी लावली. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. हेतू चांगला होता. पण ‘हे तू स्वतः लिहिलेस का?’ या प्रश्नाची जागा ‘टक्के किती?’ या प्रश्नाने घेतली. वाक्यातले शब्द इकडचे तिकडे करून टक्के उतरवून देण्याचा धंदा सुरू व्हायला वेळ लागला नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि ही चाळणी निकामी झाली. यंत्राने लिहिलेला मजकूर बहुधा कुठूनही जसाच्या तसा उचललेला नसतो, त्यामुळे साम्याचे टक्के जवळपास शून्य. या साधनांचे काम मुळात असे चालते: अवाढव्य मजकुरावरून शिकून, आतापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज घेत ती वाक्य पुढे नेतात. मराठेशाहीवरच्या लेखात पत्राचा हवाला येणे संभवनीय असते, म्हणून हवाला येतो. तो खंड उघडून पाहिलेला असतोच असे नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलर दंड केला तो याचसाठी. त्यांच्या अर्जात जे न्यायनिवाडे आधाराला दिले होते, त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. माझ्या विद्यार्थिनीसारखेच त्यांनाही ‘असेलच’ असे वाटले होते.

हे सारे वाचताना मला बखरी आठवत राहिल्या. बखर ओघवती असते, तिच्यात संवाद असतात, घटना कशा घडायला हव्या होत्या तशा घडतात. वाचताना मन रमते. १८९८ मध्ये राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपताच्या काळातली अस्सल पत्रे आणि बखरींतली हकिगत समोरासमोर ठेवून बखरींच्या चुका एकेक करून दाखवल्या. समकालीन पत्र आणि मागाहून रचलेली कथा यांत विरोध आला तर पत्राचे ऐकायचे, ही शिस्त त्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली. गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरून त्यांनी २२ खंड काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच ओढीने. राजवाड्यांचे स्वतःचे कितीतरी निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण ते टिकत नाहीत हे दाखवणाऱ्यांना त्यांनीच छापलेली पत्रे हाताशी होती. यंत्राचा निबंध ही नव्या काळातली बखर आहे, असे मला वाटते. बखर म्हणून ती वाचायला हरकत नाही. पत्र म्हणून तिचा हवाला देता येत नाही.

तरीही विद्यार्थिनीचे ते पहिले वाक्य डोक्यातून जात नव्हते. इंग्रजी तिचे नव्हते, यात तिचा दोष काय? १८५७ पासून ज्या दारावर तिच्यासारखी मुले ताटकळत उभी आहेत, ते दार या यंत्राने किलकिले केले, हे नाकारून चालणार नाही. जी मुलगी इंग्रजी लेखाच्या पहिल्या पानावर अडून बसायची, ती आज यंत्राला ‘हे मराठीत समजावून सांग’ म्हणते आणि पुढे जाते. आणि यंत्राला पकडणारी यंत्रे तिच्याच मुळावर येतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखसाधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेत स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. साधी शब्दयोजना, ठरावीक वाक्यरचना हीच यंत्राची खूण धरली गेली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखसाधन आणले आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतले. म्हणजे धडपडत स्वतः लिहिणाऱ्या मुलावर आळ येणार आणि सफाईने लिहून घेणारा सुटणार.

मला उत्तर सापडले ते तिच्याच निबंधाच्या विषयात.

मराठेशाहीतली पत्रे राजे-पेशवे स्वतःच्या हाताने क्वचितच लिहीत. लिहायला चिटणीस आणि कारकून असत. मोडीतले वळण कारकुनाचे, मायन्यातली भाषा दफ्तराच्या शिरस्त्याची. तरी ते पत्र कारकुनाचे ठरत नसे. वर मुद्रा, खाली ‘मोर्तब सूद’. शिवछत्रपतींच्या पत्राखाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. पत्र इथे संपले, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. लेखणी कोणाचीही असो, ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी.

शिवाय कागदावर डोळे मिटून विश्वास कोणीच ठेवत नव्हते. वतनासाठी बनावट कागद करणे ही त्या काळी सर्रास गोष्ट होती. म्हणून तंटा गोतसभेपुढे आला की अग्रवादी आणि पश्चिमवादी दोघांनाही उभे राहून आपापली तकरीर द्यावी लागे. दोघांकडून जामीन घेत, निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहून घेत. मग कागद पाहत, साक्षी घेत. वादी सांगतो ते आणि कागद सांगतो ते जुळते का, हे गावच्या जाणत्या माणसांसमोर तपासले जाई. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, सबळांचा दबाव होता, दिव्यासारखे अघोरी प्रकारही होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कागद एकटा बोलू शकत नाही, त्याच्यामागे माणूस उभा लागतो, ही गोष्ट तिला कळली होती. आमच्या विद्यापीठांनी मात्र माणूस बाहेर ठेवून कागद तेवढा आत घेतला आणि दीडशे वर्षे तोच तपासला.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ५४ जणांकडून निबंध लिहून घेतले. काहींनी चॅटजीपीटी वापरून लिहिले, काहींनी इंटरनेटवर शोधून, काहींनी कशाच्याही मदतीशिवाय. लिहून झाल्यावर स्वतःच्या निबंधातले एखादे वाक्य सांगा म्हटले, तेव्हा यंत्र वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते नीट सांगता आले नाही. हा प्रयोग लहान आहे, इतर तज्ज्ञांकडून तपासला जाण्याआधीच तो प्रसिद्ध झाला, त्यावरून मोठी अनुमाने काढू नयेत. पण हे दृश्य माझ्या ओळखीचे होते. नोट्स पाठ करून पहिल्या वर्गात आलेले विद्यार्थी महिन्याभराने कोरे झालेले मी वीस-बावीस वर्षे पाहतो आहे. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यात तो मजकूर महिनाभर तरी वस्तीला असे.

त्या विद्यार्थिनीला मी निबंध परत दिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. यंत्र वापरायचे तर वापर, पण कुठे वापरलेस ते लिही. हवाला देशील तो कागद स्वतः उघडून पाहा. आणि निबंध जमा करताना वर्गासमोर तुझी तकरीर दे. आम्ही विचारू, तू उत्तरे द्यायची, मराठीत दिलीस तरी चालेल. मग सगळ्याच वर्गाला तोच नियम लावला. काम वाढले. पंधरा-सोळा विद्यार्थ्यांना हे जमते. जिथे एका शिक्षकामागे शे-दीडशे विद्यार्थी आहेत, अर्ध्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चार कॉलेजांत धावत आहेत, तिथे हे कसे करायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर यंत्राकडे नाही. शिक्षक नेमणाऱ्यांनी ते द्यायचे आहे.

दीड महिन्याने ती आली. नवा निबंध आधीपेक्षा लहान होता. इंग्रजी अजून यंत्राच्या मदतीचे होते आणि तसे शेवटी लिहिले होते. पण आधार म्हणून तिने एक छापील महजर घेतला होता आणि तो ओळीनओळ वाचला होता. त्यातल्या एका साक्षीदाराची तारीख दुसऱ्या कागदाशी जुळत नव्हती. ती तफावत तिने स्वतः हेरली होती. ‘हा कागद मागाहून केलेला असावा’ हे तिचे अनुमान होते. वर्गातल्या एकाने ते खोडून काढायचा प्रयत्न केला. वर्षगणनेच्या दोन पद्धतींमुळेही तसा फरक पडू शकतो, असे तो म्हणाला. ती क्षणभर थांबली. हातातली पाने बाकावर ठेवली आणि आपण ती शक्यता का सोडून दिली ते सांगू लागली. बोलणे अडखळत होते, पण पानांकडे तिने पुन्हा पाहिले नाही.

तेव्हा मला बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका आठवली. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला त्यांना सवड झाली नव्हती. संध्याकाळी ‘वाचून दाखवा’ म्हणून आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरून अख्खे पत्र वाचून दाखवले. खरी-खोटी कोण जाणे. इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती चालवणार नाही. पण त्या दिवशी वर्गात बाकावर पडलेली ती पाने कोरी असती, तरी चालले असते.